धक्केआळीचा ठोका

वसंत गेल्याचं मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. त्याचा पुतण्या नितीन पनवेलच्या हॉस्पिटलातून बोलत होता. काका काल दुपारीच गेला कुंदाआत्या, धावपळीत फोन करायचं सुचलंच नाही, असं म्हणत होता. मी गॅसच्या कट्ट्याजवळ उभी होते आणि माझ्यासमोर आदल्या संध्याकाळचं कुळथाचं पिठलं झाकून ठेवलेलं होतं, वसंतच्या वाटणीचं. दुपारी म्हणजे कधी, असं मी विचारलं. जेवणाच्या सुमारास, तो म्हणाला. मी पुन्हा विचारलं. म्हातारीला ऐकू येत नाही असं त्याला वाटलं असावं, कारण तो मोठ्याने बोलायला लागला. ऐकू मला उत्तम येतं, आणि तीच तर अडचण झाली आहे. कारण आदल्या दिवशी दिवेलागणीला शेजारच्या वसंतच्या घराकडून माझ्या भिंतीवर ठोका आला होता. दोन जवळजवळ, आणि मग दमाने तिसरा. मी त्याची पोच दिली होती. आला एकदाचा बरा होऊन, म्हणून हुश्श केलं होतं, आणि बाहेरचं गिळगिळीत खाऊन तोंड आंबलं असेल त्याचं म्हणून पिठलं टाकलं होतं. तो जेवायला आला नाही तेव्हा दमून झोपला असेल म्हणून ताट झाकून ठेवलं... गेलेल्या माणसासाठी स्वयंपाक करून वाट पाहत बसणं ही चूक महाडात दुसऱ्या कोणाकडून झाली नसती. धक्केआळीतल्या माणसाकडूनच ती होऊ शकते, आणि आता धक्केआळीत माणूस म्हणून मी एकटीच उरले आहे.

ज्यांनी आमची आळी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊन सांगायला हवं. महाड हे एके काळी बंदर होतं हे आता हायवेवरून भुर्रकन जाणाऱ्यांना सांगून पटत नाही. पण भरतीबरोबर सावित्रीतून गलबतं वर येत, मीठ, खजूर, सुकी मासळी उतरवत, आणि घाटावरून बैलांच्या पाठीवर आलेला माल घेऊन ओहोटीबरोबर खाली जात. ज्या धक्क्यावर ती लागत, तिथून बाजाराकडे चढत जाणारी अरुंद वाट म्हणजे आमची धक्केआळी. घरं एकाला एक चिकटून, दोन घरांत मिळून एकच भिंत. समोरून पाहिलं तर कोणालाही वाटेल, हे कसलं घर, ही तर दुकानाची फळी. आत शिराल तर संपता संपत नाही, ओटी, कोठार, चौक, पुन्हा कोठार, मग परस. काळ्या दगडाचं जोतं छातीएवढं उंच. खाली माल आणि वर माडीवर माणसं, अशी रीत, त्यामुळे चूलसुद्धा माडीवर. माडीच्या जमिनीला मध्यभागी उचलता येणारी फळी, तिच्यातून पोती वर ओढून घ्यायची. आणि माडीच्या प्रत्येक खिडकीखाली बाहेरच्या बाजूला एक जाडजूड लोखंडी कडी. लहानपणी आम्हाला वाटायचं ती घोडा बांधायची असेल. मग एका श्रावणात मी तिला होडी बांधलेली पाहिली आणि माझा प्रश्न कायमचा मिटला.

पूर हा आमच्याकडे पाहुण्यासारखा नव्हता, घरच्यासारखा होता. तो येणार हे धरूनच ज्यांनी ही घरं बांधली, त्यांनी एक गोष्ट अशी केली होती जी मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही. दर दोन घरांमधल्या सामाईक भिंतीत, माडीवर, एक बुटकं दार. त्याला आम्ही आडदार म्हणायचो. वाकूनच जावं लागे, आणि आळी नदीकडे उतरती असल्यामुळे पलीकडे एक पायरी खाली पाय टाकावा लागे. आडदाराला कडी नसायची. लावायचीच नाही असा नियम होता. पाणी चढलं की नदीकाठच्या घरातली माणसं आडदारातून वरच्या घरात, तिथली त्याच्या वरच्या घरात, अशी सगळी आळी पायाला थेंब न लागता बाजाराच्या तोंडापर्यंत जाऊ शकत असे. एरवी एकमेकांच्या हातचं पाणी न पिणारी माणसं या दारांतून एकमेकांची पोरं काखेत मारून गेलेली आहेत. पूर ओसरला की पुन्हा आपापल्या सोवळ्यात. याला मी दांभिकपणा म्हणायची आणि वसंत शहाणपणा म्हणायचा, आणि यावर आमचं आयुष्यभर भांडण चाललं.

आणि ठोका. मृगापासून नारळीपौर्णिमा उलटेपर्यंत रोज दिवेलागणीला नदीकाठच्या शेवटच्या घरातून आडदाराच्या चौकटीवर ठोका पडायचा, कारण पाणी आधी त्यांना दिसणार. दोन जवळजवळ, तिसरा दमाने. म्हणजे आम्ही आहोत, सगळं ठीक आहे. वरच्या घराने एक ठोका देऊन पोच द्यायची आणि मग आपल्या वरच्या भिंतीवर तेच करायचं. असं करत ठोका घराघरातून चढत बाजाराच्या तोंडाशी मारुतीपर्यंत जायचा, तिथलं शेवटचं घर देवळातली घंटा वाजवायचं, आणि मग आळी जेवायला बसायची. एखाद्या घरून ठोका आला नाही तर आडदार ढकलून माणसं बघायला जायची. सागवानी चौकट हाताच्या बुक्कीने काय वाजणार, म्हणून प्रत्येक घराचं आपलं हत्यार असे, आडदाराशेजारच्या खुंटीला टांगलेलं. आमच्याकडे धुणं बडवायचं धोपटणं. वसंतकडे तुटलेल्या मुसळाचा खालचा अर्धा भाग, टोकाला लोखंडी कडं असलेला. त्यामुळे त्यांच्या ठोक्याला शेवटी एक बारीक नाद असायचा, तो डोळे मिटून ओळखता यायचा. आणि नदीकाठच्या घरातल्या चाचीकडे चिंचेच्या लाकडाचा एक ठोकळा. त्याचा आवाज बसका, जणू कोणी तरी दमून खाली बसलं.

चाची तुडील गावची. तिच्या सासऱ्यांची गलबतं होती, नवऱ्याच्या लॉऱ्या झाल्या आणि मुलं दोह्याला गेली, म्हणजे त्या घराने नदी, रस्ता आणि आभाळ अशी तिन्ही वाहतूक करून झाली. चाची मात्र नदीकडच्या खिडकीतून हलली नाही. ठोका तिचाच पहिला. एकदा चैत्रातल्या दुपारी, सगळे झोपले असताना, वसंतने गंमत म्हणून मुसळ काढून आमच्या चौकटीवर ठोका दिला. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत असू. आमच्या घरी त्या दिवशी कोणीच नव्हतं, सगळे लग्नाला गेलो होतो. पोच कुठून येणार? संध्याकाळी आम्ही परतलो तर चाची वसंतचा कान धरून आमच्या माडीवर उभी. तिने त्याच्या हातात आमचं धोपटणं दिलं आणि म्हणाली, "ठोका दिलास ना? आता त्याची पोच तूच दे. पोच नाय गेली तर त्यो भिंतीतच ऱ्हातो. मंग कवा वाजंल, सांगता यायचं नाय." त्याने रडत रडत स्वतःच्याच ठोक्याची पोच दिली. मी हसत होते. चाची हसली नाही.

पुढे मी विज्ञानाची शिक्षिका झाले आणि वसंत एसटीत कंडक्टर. महाड–शिवथर ही त्याची आवडती गाडी. आयुष्यभर डबल बेल वाजवून गाडी सोडणारा माणूस ठोक्याच्या बाबतीत इतका हळवा कसा, म्हणून मी त्याला छेडायची. तो म्हणायचा, अगो, बेल म्हणजे निघा, आणि ठोका म्हणजे आहे, फरक आहे तो. लग्न त्याने केलं नाही. माझे यजमान लवकर गेले, मुलगी पुण्याला गेली, आणि भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं म्हातारे होत गेलो. गावात लोक काय बोलायचे ते मला ठाऊक आहे. बोलोत. आडदार उघडं असूनही तो कधी त्यातून आला नाही, पायऱ्या उतरून, आळीतून चालून, माझ्या पायऱ्या चढून यायचा. आडदार पुरासाठी आहे, असं म्हणायचा. त्याची मला फार आठवण येते, आणि हे लिहिताना मला कसलाही संकोच वाटत नाही.

निवृत्तीनंतर त्याने एकच धंदा केला, आळी सांभाळण्याचा. वरची घरं एकेक करून गेली. सिमेंटच्या इमारती आल्या, त्यांच्या भिंतींत आडदार कुठलं असायला! ठोका माझ्या घरापर्यंत येऊन थांबायला लागला. मुंबईहून आर्किटेक्चरची मुलं मोजमापं घ्यायला यायची, त्यांना हा चहा पाजून चौकटी दाखवायचा. खांबांवर पुराच्या पाण्याच्या जुन्या खुणा कोरलेल्या आहेत, त्यांच्यावर हात फिरवून, हा माझ्या आजोबांचा पूर, हा वडिलांचा, अशी ओळख करून द्यायचा. एका मुलीने विचारलं, काका, तुमचा कुठला? तो म्हणाला, येईल, घाई काय आहे.

तो पूर आला तेव्हा चाचीला जाऊन काही पावसाळे झाले होते. तिच्या घराला दोह्याच्या मुलांचं कुलूप होतं. पण पहिला ठोका कोणी तरी द्यायलाच हवा म्हणून आता तो वसंत द्यायचा आणि पोच मी. त्या दिवशी सकाळपासून पाणी चढत होतं. दुपारी आळीत माणूस बुडेल इतकं झालं, संध्याकाळी माझ्या जिन्याच्या वरच्या पायऱ्यांना लागलं. वीज गेली होती. एवढ्या मोठ्या पाण्याला आवाज कसा नसतो, याचं मला नवल वाटत होतं. तेवढ्यात आडदार ढकललं गेलं आणि मोठा झाल्यापासून पहिल्यांदाच वसंत त्यातून डोकावला. त्याचा चेहरा मला विचित्र वाटला. त्याने विचारलं, "कुंदे, तू ठोका दिलास?" मी म्हटलं, मी कशाला देईन, द्यायचा तू. तो म्हणाला, "खालून आला गो. चाचीकडून."

कोणी तरी वाहत आलं असेल आणि त्या घरात अडकलं असेल, असं आम्हा दोघांच्याही मनात आलं. तो बॅटरी घेऊन त्याच्या माडीवरून पलीकडच्या आडदाराकडे गेला, मी मागोमाग. आडदार उघडून तो चाचीच्या माडीवर उतरला. तिथे फळ्यांच्या फटींतून पाणी वर झिरपायला लागलं होतं. मी चौकटीत उभी राहून उजेड धरला. कोणी नव्हतं. खिडक्या आतून बंद. खुंटीवर चिंचेचा ठोकळा कोरडा, हललासुद्धा नव्हता. मात्र जमिनीखालून धप्, धप् आवाज येत होता. फळीच्या फटीतून पाहिलं तर खालच्या कोठारात चाचीचा मोठा लाकडी पेटारा तरंगत वर आला होता आणि लाटेसरशी तक्तपोशीला धडकत होता. मी म्हटलं, हा बघ तुझा ठोका. तो काही बोलणार इतक्यात आमच्या मागे मोठा आवाज झाला आणि पायाखालची सगळी माडी हलली. वसंतच्या घराची मागची भिंत पाण्यात बसली होती. जिथे त्याची खाट होती, आणि जिथे तो दिवसभर बसून होता, तिथे आता आभाळ दिसत होतं.

लोकांना तो पेटाऱ्याचीच गोष्ट सांगायचा. पेटाऱ्याने वाचवलं, असं हसून सांगायचा. मीही तेच सांगायची, आणि आजही तेच सांगेन. पण पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना एकदाच तो मला म्हणाला, "पेटारा खालून धडकत होता, कुंदा. ठोका भिंतीवर आला होता. दोन, आणि मग एक. तू आवाजाचं शिकवायचीस ना मुलांना? मग मला सांग, पेटारा थांबतो कशाला मध्ये?" मी त्याला पोकळ जागेत आवाज कसा फसवतो ते समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. कंडक्टर सुट्या पैशांवरून वाद घालणाऱ्या प्रवाशाचं ऐकतो तसं.

चाचीचं घर पुढच्या वर्षी उतरवलं. आता तिथे रानमोडी वाढली आहे. वसंतने मागची भिंत नव्याने उभी केली, पण नदीकडचं आडदार, जे आता नुसत्या मोकळ्यावर उघडतं, ते काही केल्या बांधून घेतलं नाही. पत्रा मारला. पावसाची झड आत येते, साप येतात, मी ओरडायची. आणि मग एका संध्याकाळी मी काही तरी मागायला त्याच्याकडे गेले होते, तर तो त्या पत्र्याजवळ उभा राहून मुसळाने चौकटीवर एक ठोका देत होता. दोन आणि एक नव्हे. फक्त एक. पोच देत होता. मी विचारलं, कोणाला? तो म्हणाला, येतो कधी कधी. मी म्हटलं, डोक्याला वारा लागलाय तुझ्या. तो म्हणाला, असेल, पण मला न विचारता येतो त्याला मी काय करू... आणि मग अगदी साधेपणाने म्हणाला, "आपण कोणाला घाबरतोय तेही कळत नाही बघ. चाची असेल तर भ्यायचं कशाला? आणि चाची नसेल, तर मग पोच न देणं जास्त वाईट."

या श्रावणात त्याला धाप लागायला लागली. नितीन गाडी घेऊन आला. निघताना वसंत माझ्या पायऱ्या चढून वर आला, दर दोन पायऱ्यांना थांबत. घराची किल्ली दिली आणि पिशवीतून मुसळ काढून माझ्या धोपटण्याशेजारी, माझ्या खुंटीला टांगलं. मी येईपर्यंत राहू दे तुझ्याकडे, म्हणाला. आडदारावर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "एक कर. माझ्यामागे नितीन घर विकेल, विकू दे. पण हे दार तू असेपर्यंत बंद करू नको." मी म्हटलं, मरणाच्या गोष्टी काय करतोस, पनवेलला चाललायस, दोह्याला नव्हे. आमचं शेवटचं बोलणं हेच.

म्हणजे त्या संध्याकाळी ठोका आला तेव्हा त्याचं मुसळ माझ्या समोर टांगलेलं होतं. आणि ठोक्याच्या शेवटी लोखंडी कड्याचा तो बारीक नाद होता. हे माझ्या लक्षात आलं ते सकाळी, फोन ठेवल्यावर. मी आडदार ढकलून पलीकडे गेले. बाहेरचं कुलूप तसंच होतं, किल्ली माझ्या कमरेला. खाटेवरची गादी गुंडाळलेली, जमिनीवर धूळ, आणि धुळीत उठलेली पावलं फक्त माझी. मी भ्याले. हे स्पष्ट लिहिते, कारण भूत नाही म्हणून पोरांना शिकवणाऱ्या बाईला भीती वाटत नाही असा एक गैरसमज आहे. मी परत येऊन आडदार लावून घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा त्याला लोखंडी ट्रंक आडवी लावली.

दिवसकार्य झालं. त्यानंतर ठोका आला नाही. मी वाट पाहत असे, आणि आला नाही की सुटल्यासारखंही वाटे आणि एकटंही. नितीन चांगला मुलगा आहे. घर धोकादायक ठरलं होतं, नोटीस लागली होती, ठाण्याला राहून तो ते किती दिवस सांभाळणार? त्याने व्यवहार केला, दसऱ्यानंतर घर उतरवायचं ठरलं. मला म्हणाला, आत्या, घर उतरलं की तुमचं ते दार हवेत उघडेल, आधी बांधून घ्या, गवंडी मी देतो. पुण्याची मुलगी तर म्हणाली, दार बांध, आपलंही घर नितीनच्याच गिऱ्हाइकाला देऊन टाक आणि इकडे निघून ये. मी हो म्हटलं. वसंतचा शब्द मोडतेय हे मला कळत होतं. पण मी थकले होते. रोज दिवेलागणीला कान भिंतीला लावून बसणं, हे काही जगणं नव्हे. दार बंद झालं की हा विषयही बंद होईल, असं मला मनापासून वाटत होतं.

गवंडी पोलादपूरकडचा होता, मितभाषी, हाताला साफ. सकाळी त्याने ट्रंक सरकवली, आडदाराची फळी उतरवून भिंतीला टेकवली आणि चौकटीत विटा लावायला घेतल्या. मी स्वयंपाकाच्या निमित्ताने पाठ करून उभी होते. थर चढत गेले, वसंतच्या माडीवरून येणारा ओलसर वारा कमी होत गेला. दुपार कलताना शेवटचा थर राहिला, वर एक हात शिरेल एवढी फट. तिथे तो थांबला. त्याने थापी धुतली आणि फटीला तोंड लावून हाक मारली, कोन हाय का आत? मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, आमच्यात रीत आहे बाई, माझ्या मामाने शिकवलेली. जाण्यायेण्याची वाट बुजवताना शेवटची वीट बसवायच्या आधी हाक घालायची आणि वाजवायचं. मांजर असतं, पाखरू असतं, कोणी अडकायला नको. आणि मी काही बोलायच्या आत त्याने थापीच्या मुठीने चौकटीवर वाजवलं. सहज, हात जसा पडेल तसं. दोन जवळजवळ, आणि मग दमाने तिसरा.

त्याला काय ठाऊक! पण धक्केआळीत ठोका दिला की त्याची पोच येते.

ती आली. एकच. स्वच्छ, फटीच्या पलीकडून, आणि तिच्या शेवटी कड्याचा नाद. मी खुंटीकडे पाहिलं. मुसळ जागेवर होतं, दोरीसुद्धा हलत नव्हती. गवंड्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सांगितलं, पलीकडे कोणी नाही, घराला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे, जुनं लाकूड आहे, ऊन उतरलं की वाजतं. सगळं सांगितलं. त्याने शेवटची वीट खाली ठेवली, हात धुतले, हत्यारं पोत्यात भरली. मग मला म्हणाला, "बाई, आत मानूस हाय. मानूस आत असताना वाट बुजवीत नाय आमी." मजुरी घ्यायला तो थांबला नाही. जिन्यात त्याची पावलं मी शेवटपर्यंत ऐकली, आणि मग घरात फक्त मी.

दिवेलागणीपर्यंत मी तिथेच बसून राहिले. दिवा लावला नाही. पळून जाता आलं असतं, बाजार हाकेच्या अंतरावर आहे. पण मला राहून राहून वसंतचं ते वाक्य आठवत होतं, पोच न देणं जास्त वाईट... मग ठोका आला. आधी फार लांबून, बसका, चिंचेच्या लाकडाचा. जिथे आता रानमोडीशिवाय काही नाही तिथून. त्याला वसंतच्या घरातून पोच गेली, तीही मी ऐकली. आणि मग माझ्या चौकटीवर, फटीच्या अगदी पलीकडे, दोन, आणि एक. मी उठले. धोपटण्याऐवजी माझा हात मुसळाकडे गेला. ते उचलायला मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. मी चौकटीवर एक ठोका दिला आणि मोठ्याने म्हटलं, "आहे रे वसंत. मी आहे." पलीकडे शांत झालं. मी फटीत हात घातला नाही, तेवढी धीट मी नाही. पण भीती गेली होती, हे खरं आहे. मी दिवा लावला आणि भात टाकला.

मुलीला कळवलं आहे की पुण्याचं आता नको. नितीनला सांगितलं, घर उतरव, माझी हरकत नाही, पण माझ्या भिंतीतली ती फट तशीच राहील, पावसाचं मी बघून घेईन. त्याला ते चमत्कारिक वाटलं असेल. हे लिहितेय त्या वेळी विटा वाळल्या आहेत आणि वरच्या फटीतून वसंतच्या घराचा अंधार माझ्या माडीवर येतो, जुन्या सागाचा आणि बंद कपाटाचा वास घेऊन. महिन्याभरात तिथून आभाळ दिसेल. ठोका रोज येत नाही. आला तर मी पोच देते, आणि रीत म्हणून वरच्या भिंतीपर्यंत जाऊन उभी राहते. तिथे सिमेंट आहे, पुढे द्यायला कोणी नाही, मग परत येते.

एकच गोष्ट मला अलीकडे जाणवली आहे. ठोका कायम नदीकडून वर चढतो. आधी चाचीचं घर, मग वसंतचं. वसंतचं मुसळ आता माझ्या खुंटीवर आहे. त्याने ते कोणाकडे तरी देऊन ठेवलं आणि मगच तो निघाला. त्याच्या शेजारी माझं धोपटणं टांगलेलं आहे. ते मी अजून कोणाला दिलेलं नाही.